भीमेला पाणी यायच्या आत

सोलापूर, चैत्र वद्य तृतीया, शके १८५७

आज पुन्हा ओट्यावर तीन मोटारी. एकीलाही चाक नाही.

सरू, हसू नकोस, लिही. मला अक्षर येत नाही आणि तुला बोलणं येत नाही, दोघींचं मिळून एक धड माणूस होतं. मी बोलते तसंच लिहायचं. कमलाकरला दाखवायचं नाही. तुझा नवरा असला तरी माझा नातू आहे, त्याच्याबद्दल मला पुष्कळ बोलायचंय.

तर ओटा. कमलाकर कचेरीतून येतो, टोपी खुंटीला लागते न लागते तोच नव्या पेठेतला गुरुबसप्पा हजर. त्याचं लुगड्यांचं दुकान आहे, पण लुगड्यावर बोलताना त्याला कुणी ऐकलेलं नाही. कोर्टाची तारीख असली की मंगळवेढ्याचा हिंदुराव येतो, आणि मग काय विचारता!

कमलाकरला ब्युइक हवी. इंग्रजी मासिकातलं तिचं चित्र कापून त्यानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. सरूची लुगडी तिच्याच सावलीत असतात. गुरुबसप्पा म्हणतो फोर्ड, साधी, कुठंही दुरुस्त होते. हिंदुरावाला शेवरोलेट, नाहीतर काहीही, पण उंच. 'वाळूत बसली न्हाय पायजे.' रोल्सचं नाव निघालं की तिघेही ताठ बसतात. देवळात आल्यासारखे.

तिघांपैकी एकानंही अजून चाक हातात धरलेलं नाही. हे मी खिडकीतून एकदा म्हटलं. दोन दिवस ओटा रिकामा.

चैत्र वद्य अष्टमी

गुरुबसप्पा खरंच मोटार घेतोय! वडील हो म्हणाले. कोणती ते तिघं मिळून ठरवणार.

जाताना खिडकीशी आला. म्हणाला, 'आज्जी, पहिला लांबचा फेरा तुमच्या मंगळवेढ्याला.'

मी म्हटलं, बघू. आत येऊन पाट समजून परातीवर बसले.

चैत्र वद्य नवमी

मंगळवेढ्याला गोदी आहे. माझी पाठची. गोदावरी म्हणून तिला कुणी हाक मारलेली मला आठवत नाही.

लहानपणी ती माझ्यामागून चालायची, माझ्या पदराचं टोक धरून. लग्न होऊन गेली तेव्हाही सवयीनं नवऱ्याच्या उपरण्याचं टोक धरलं, सगळा मांडव हसला. आमची शेवटची भेट होऊन अकरा वर्षं झाली. मग माझा सोवळ्यातला संसार, तिची बाळंतपणं, तिच्या सुनांची बाळंतपणं. गेल्या साली मी न्हाणीत घसरले आणि कंबर गेली. वैद्य म्हणाले, बैलगाडीत बसलात तर उतरवून घ्यायला चौघं लागतील.

मोटारीला गाद्या असतात. कमलाकर सांगतो, आत स्प्रिंगा असतात, माणूस पाण्यावर बसल्यासारखा बसतो.

हिंदुरावाबरोबर निरोप धाडला — गोदे, मी मोटारीनं येतेय. तू हलू नकोस.

वैशाख शुद्ध पंचमी

ठरलं नाही.

वैशाख शुद्ध द्वादशी

हिंदुराव आला. आज मोटारीवर बोलेना. खिडकीशी येऊन उभा राहिला, पागोटं काढून.

'आज्जी, गोदाकाकूला दिसंना झालंय की. डाक्टर म्हनला काचबिंदू. मोती असता तर काढला असता, ह्याला विलाज न्हाय. अजून मानसाचं तोंड वळखती, पर उजेडात. दिवाळीपतुर नजर ऱ्हाईल का न्हाई, सांगता येत न्हाई म्हनला.'

मग म्हणाला, ती रोज सकाळी अंगणात बसते. सुनांची तोंडं हातानं उजेडाकडे वळवून बघून घेते. एक एक. साठवल्यासारखी.

मी विचारलं, माझं विचारलं का. तर म्हणाला, 'अक्का कवा येती, येवढंच.'

सांग, म्हटलं, येतेच. हलू नकोस म्हणावं.

वैशाख वद्य द्वितीया

आज त्यांनी मलाच भांडणात ओढलं. गुरुबसप्पाला वाटलं, गंमत. 'आज्जी, तुम्हाला कोणती मोटार पाहिजे?'

मी म्हटलं, पायरी खाली असलेली. मागं दोन म्हाताऱ्या मांडी घालून बसतील आणि मध्ये सुपारीचा डबा मावेल अशी. छप्पर असावं, पण फार नको, एकीला उजेड लागतो. वाजणारं शिंग नको. न सांगता दारात जायचंय.

कमलाकर म्हणाला, 'आज्जी, हे ब्युइकमध्ये सगळं आहे.' गुरुबसप्पा म्हणाला फोर्डमध्येही आहे. लागले पुन्हा.

मी म्हटलं, बाळांनो, माझं पुरं झालेलं नाही. भीमेला पाणी यायच्या आत निघेल ती. बाकी तुमच्या मनासारखी.

वाटेत भीमा आहे ना. पूल नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेवढीच मोटार वाळूतून पलीकडे जाते.

मग हिंदुराव म्हणाला, 'म्हनून तर मी उंच म्हनतो.'

वैशाख वद्य सप्तमी

रंगावर अडलं.

वैशाख वद्य त्रयोदशी

रंग झाला. आता छप्पर कापडी का लोखंडी. सरू म्हणते, आपल्या लग्नात मुलगी इतकी पाहिली नव्हती. ही पोर बोलायला लागली! माझ्या संगतीचा गुण.

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा

मोटार आली.

तिघांपैकी कुणाचीच नाही. गुरुबसप्पाच्या वडिलांना वैताग आला, पुण्याच्या कुणा डॉक्टरची जुनी गाडी त्यांनी परस्पर घेऊन टाकली, ड्रायव्हरसकट. नाव कमलाकरनं तीनदा सांगितलं, मी तीनदा विसरले. रंग शिळ्या आमटीचा. तिघे भोवती फिरत होते, नावडत्या मुलीच्या वरातीत फिरावं तसे. मग कमलाकरनं हळूच दिव्यावर हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. रुमालानं पुसला. झालं, लग्न लागलं.

पूजा झाली, चाकाखाली लिंबं ठेवली. पहिली बसली गुरुबसप्पाची आई रत्नम्मा — सवाष्ण, मान तिचा. माझ्यासारखीनं तेव्हा समोर यायचं नसतं. मी खिडकीच्या गजांआडून पाहिलं. गजांना कुणाचा विटाळ नसतो.

उद्या निघू म्हणते. पिशवी भरून ठेवली. गोदीला शेंगांची चटणी.

ज्येष्ठ शुद्ध द्वितीया

रत्नम्माचा नवस निघाला. दुकान थाटलं तेव्हा बोललेली — दारात वाहन आलं तर पहिले पाच सोमवार सिद्धेश्वराला न्यायचं, पाचवा होईपर्यंत गाडीनं गावची वेस ओलांडायची नाही.

गुरुबसप्पा सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. आईशी भांडून आला होता, डोळे लाल. मी म्हटलं, असू दे रे. सिद्धेश्वराशी भांडायला मला कंबर नाही. पाच सोमवार काय, जातील.

हिंदुरावाबरोबर निरोप — थोडं थांब. हलू नकोस.

ज्येष्ठ वद्य चतुर्थी

तिसरा सोमवार परवा झाला. आज दुपारी गुरुबसप्पानं गाडी आमच्या दारात आणून लावली. म्हणाला, 'नवस चालण्याचा आहे, बसण्याचा नाही. बसा आज्जी.'

मी आणि सरू, उभ्या गाडीत. पायरी उंच, तिघांनी मिळून चढवलं. गादी खरंच पाण्यासारखी. काचेतून समोर आमचंच दार दिसत होतं, तरी परगावी आल्यासारखं वाटलं. मी खिडकीकडेला सरकून बसले. सरू म्हणाली, मध्ये ऐसपैस बसा की.

मी म्हटलं, ती जागा धरलेली आहे.

ज्येष्ठ वद्य एकादशी

सोलापुरात थेंब नाही. आभाळ कोरडं, अंगणात धूळ. आणि भीमा दोन्ही काठ भरून वाहतेय! पाऊस तिकडे वर घाटात पडतो, नदी आमची भरते.

हिंदुराव नावेतून आला. मोटार आता दसऱ्यापर्यंत पलीकडे जायची नाही, म्हणाला. तिघेही ओट्यावर सुपारी कातरत बसले. शेवटी कमलाकर म्हणाला, ब्युइक असती तरी...

तिथंच थांबला. पहिल्यांदाच त्यानं ब्युइकचं वाक्य पुरं केलं नाही.

मी आत हसले. सरू म्हणते, रडलात. लेखणी तिच्या हातात आहे, काय लिहायचं ते लिहू दे.

हिंदुरावाला म्हटलं, गोदीला सांग, पाणी आलं. पुढचं मी काही बोलले नाही. 'हलू नकोस' म्हणायचं राहिलं.

आषाढ शुद्ध पंचमी

चौथा सोमवार, पाचवा सोमवार, सगळे झाले. मोटार गावात फिरते. पिशवीतली चटणी सरूला खाऊन टाक म्हटलं. खाईना.

आषाढ शुद्ध नवमी

संध्याकाळी ओट्यावर पुढच्या मोटारीचं चाललं होतं. दाराशी बैलगाडी थांबली. कमलाकर न बघताच ओरडला, हितं लावू नको बाबा, मोटार यायचीय. गाडीमागून हिंदुराव उतरला. मग त्यानं हात देऊन गोदीला उतरवलं.

नदी नावेनं, बाकी बैलगाडीनं. निरोप ऐकून म्हणाली होती, अक्का हलू नको म्हणाली नाही ना? मग जुंपा. तिची कंबर गेलीय, माझे डोळे. माझी कंबर चांगली आहे.

तेवढं चैत्रातच मला का सुचलं नाही, ते लिहू नकोस सरू.

ती दारात उभी राहिली. डोळे उघडे, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. हातानं माझा पदर शोधला, त्याचं टोक धरलं. मी तिचं तोंड दिव्याकडे वळवलं.

'मला नाही दिसत गं अक्का,' ती म्हणाली. 'तू बघून घे. म्हणून आले.'