शिसं ओतायची पळी

ट्रॉय, शनिवार, ऑक्टोबर २००६

आज नेमबाजीच्या रेंजवर जुनी लिव्हर-ॲक्शन, म्हणजे खालचा दांडा ओढून गोळी भरायची, रायफल पहिल्यांदाच मनासारखी चालली. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या या वेळी किंचित जाड ठेवल्या, तर नळीत शिसं चिकटलं नाही. त्याच खुशीत आणखी ओतायला गॅरेजमध्ये गेलो, तर शिसं ओतायची पळी खिळ्यावर नाही. नाशिकहून आणलेल्या लोखंडी पळ्यांच्या जोडीतली ती एक. दुसरीत माझी बायको सुमा फोडणी करते. दुसरीतच ना? शिसं पोटात गेलं तर विषच.

धावतच आत आलो. सुमा वरणावर फोडणी ओतत होती.

“ती पळी कुठली?”

“माझी. दांड्याला तार दिसत नाही का? तुम्ही जोडीतली दुसरी गॅरेजमध्ये नेलीत, त्याच दिवशी गुंडाळली मी.”

माझी पळी कालच्या भांड्यातच सापडली, थिजलेल्या शिशात उभी. मीच विसरलो होतो. हायसं वाटलं, आणि स्वतःचा जरा रागही आला. पन्नास यार्डांवरचा ठिपका मला दिसतो, आणि ती तार इतकी वर्षं दिसली नाही?

वरण दोनदा वाढून घेतलं. सुमाने तूप पुढे सरकवलं.