चालू इंजिनाची नोटीस

सोमवार, संध्याकाळ

डोकं पार शिणलं. ट्रकमधल्या जीपीएसच्या नोंदी मी कंपनीच्या ऑनलाइन सिस्टिमला जोडल्या, त्याला महिना झाला. उभ्या गाडीचं इंजिन अर्धा तास चालू राहिलं, की ड्रायव्हरला मोबाइलमधल्या ॲपवर आपोआप नोटीस जाते; तीन झाल्या की गाडी जाते. नियम माझाच. आज ड्रायव्हर मारोतीभाऊंना तिसरी नोटीस गेली आणि कंपनीने त्यांची गाडी काढून घेतली.

ते लोहारा गावातल्या आमच्या ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, स्टार्टर गेला हाय. पांढरकवड्याले इंजिन बंद केलं असतं, तर भरल्या गाडीले धक्का कोण देईन? तुमाले सांगतलं होतं ना."

सांगितलं होतं. दोनदा. मी काय म्हणालो? "ॲपमध्ये टाका."

आता ॲप उघडून बसलोय. इंजिन चालू, इंजिन बंद, सगळं दिसतं. ड्रायव्हरला काही लिहायला जागाच नाही. मीच ठेवली नव्हती.