एक जूनची जन्मतारीख

३० मे, शुक्र.
ह्यांच्या ऑफिसात जाऊन आले. अनुकंपाच्या यादीत अजून चौथीच. हे गेल्याला सात वर्षं झाली, त्यातली सहा मी चौथी आहे. रविवारी कागदोपत्री पंचेचाळीस पूर्ण, की नाव कमी. नियम आहे. मूलबाळ नाही, त्यामुळे माझ्या जागी लावायला दुसरं नावही नाही.
यादी सांभाळणारे सावंत आज निवृत्त झाले. त्यांचीही जन्मतारीख एक जून. ऑफिसात आणखी तिघांची तीच. चौघांचा मिळून एकच निरोपसमारंभ. सावंत पेढा देत म्हणाले, "आपण सगळी गुरुजींनी जन्माला घातलेली माणसं. मी खरा डिसेंबरचा." मग हळू आवाजात, "तुमच्या नावावर काट मी मारलेली नाही, वहिनी. नवीन येईल तो मारील."
पेढा पर्समध्ये ठेवला.

१ जून, रवि.
मी काम करते त्या लॅबमधल्या मुलींचे मेसेज. हॅपी बर्थडे. थँक्यू लिहिलं. हे आज कधीच काही आणायचे नाहीत. "तू विसर्जनाच्या दिवशीची. जूनमध्ये केक कशाला?"

१४ जुलै, सोम.
पत्र आलं. वयोमर्यादा ओलांडल्याने नाव कमी. दोन ओळी. ह्यांच्या नावामागे 'कै.' लिहायचं राहिलंय. क्षणभर वाटलं, ह्यांनाच पत्र आलंय.
छातीत दुखायला लागल्यावर ह्यांनी आधी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला. मागे साहेब बसले होते. साहेब मला सांगत होते, किती जबाबदार माणूस. हे सगळं अर्जात लिहिलं होतं. कुणी वाचलं का माहीत नाही.

६ ऑगस्ट, बुध.
सावंतांचा फोन. यादी हलली. चार जागा एकदम भरल्या. आदेश एक तारखेचा. चौथी जागा पाचव्या नंबरला गेली.
"वहिनी, तुमचं खरं वय काय हो?"
म्हटलं, सप्टेंबरात पंचेचाळीस.
त्यांनी तारखा मोजल्या. मग, "म्हणजे आदेश निघाला तेव्हा तुम्ही वयात बसत होता. सोडू नका."

११ ऑगस्ट, सोम.
अर्धी रजा टाकून गिरगावात वकीलबाईंकडे. सगळं ऐकलं. म्हणाल्या, "दाखल्यावरची तारीख सहसा हलत नाही. पण सहा वर्षं यादी थांबवली कोणी? उशीर त्यांचा, वय तुमचं. हे मांडता येईल. जन्माची नोंद मात्र आणा."

१८ ऑगस्ट, सोम.
वॉर्ड ऑफिस. नोंद सापडली. २३ सप्टेंबर. मुलगी. बाबांचं नाव, आईचं नाव, लालबागचा पत्ता. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारशाआधीची नोंद, नंतर कोणी नाव चढवायला गेलंच नाही.
क्लार्क : "ही तुम्हीच कशावरून? बहीण असेल."
"बहीण दोन वर्षांनी मोठी आहे."
"नाव चढवायला शाळेचा दाखला लागेल."
दिला. "ह्यावर तर एक जून आहे, मॅडम." परत केला.
वकीलबाईंना फोन. आता आईचं प्रतिज्ञापत्र, एवढंच उरलंय.

२४ ऑगस्ट, रवि.
भायखळ्याला भावाकडे, दिलीपकडे. आई तांदूळ निवडत होती. सांगितलं, फक्त एवढं लिहून द्यायचं, की बाबांनी शाळेत तारीख खोटी सांगितली. तिचे हात थांबले नाहीत.
"मेल्या माणसाक खोटो पाडू? तुझ्या घोवाच्या नोकरेसाठी माझ्या घोवाक?"
दिलीप म्हणाला, "आई, कागद आहे नुसता."
"गप रे. तुका काय म्हायत."
जेवून निघाले.

१२ सप्टें., शुक्र.
दिलीपचा सकाळी फोन. आई येते म्हणतेय. का, ते सांगत नाही.
गिरगावात टॅक्सीतून उतरली तेव्हा नवं लुगडं. दोन जिने बसत बसत चढली. वकीलबाईंनी मजकूर वाचून दाखवला. 'माझ्या पतीने शाळेत चुकीची जन्मतारीख सांगितली.'
"ह्यां काढा."
वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं.
"त्येंनी नाय सांगल्यानी. ते तेवा गावाक होते. मी सांगलंय. मास्तरांनी इचारल्यानी, सहा पुरी झाली? मी म्हटलंय, झाली."
मग माझ्याकडे न बघता, "गिरणी बंद. माका चार घरच्यो पोळ्यो लाटूच्यो होत्यो. तुका खंय ठेवतलंय?"
आमच्या घरात कायम हेच बोललं जायचं, की बाबांनी वय वाढवलं. बाबाही हसून हो म्हणायचे. त्यांनी कधी…
सही आईनं स्वतः केली. एकेक अक्षर. अनुस्वार विसरली, तो मागाहून दिला.

२२ सप्टें., सोम.
केसची पहिली तारीख. सरकारी वकिलांनी मुदत मागितली, मिळाली. आता दिवाळीनंतर. आईचा कागद दाखल झाला. तेवढं झालं.
पाचव्या नंबरचा माणूसही आला होता. त्यालाही प्रतिवादी केलंय, करावंच लागतं म्हणे. पंचविशीचा असेल. आईच्या जागी लागलाय, ती ह्यांच्यानंतर तीन वर्षांनी गेली. ऑफिसचं नवं ओळखपत्र गळ्यात होतं. मला बघून त्यानं नमस्कार केला. मी ते ओळखपत्रच बघत राहिले.
बाहेर आल्यावर वकीलबाईंना विचारलं, मी जिंकले तर त्याचं काय? "ते त्याचा वकील बघेल."
संध्याकाळी आईचा फोन. केसचं विचारलं नाही.
"उद्या तुझो वाढदिवस. शिरो करून धाडतंय दिलपाकडसून."
पहिल्यांदाच म्हणाली असं.
उद्या पंचेचाळीस. खरी. आज अजून बसतेय.