चिंच, राख आणि आरसा

कोची
१० सप्टेंबर २०२५

ती. स्व. सुशीलाताईंस,
धाकट्या जावेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलू लागले की क्षितिजाच्या बिल्डिंगमधली माणसं दार उघडून बघतात, म्हणून पत्रच बरं. लेकीनं महिनाभर राहायला बोलावलंय खरं, पण ताई, आगाशीच्या वाडीतले नारळ, केळी आणि पानवेली मागे टाकून निघाले आणि उतरले ती नारळ, केळी आणि पानवेलींतच. आमच्या ह्यांनी विचारलं, मग एवढ्या लांब गेलीस कशाला? मी सांगितलं, इथे पाणी दुसरं कुणीतरी शिंपतं आणि मी नुसती बघते, म्हणून.

येताना वाडीतली केळी सुकवून केलेली सुकेळी आणली होती. क्षितिजाबरोबर राहणारी तिची मैत्रीण स्टेफी आपल्याच नंदाखाल गावची, तिनं दोन दिवसांत फस्त केली. दोघी मला रोज कुठल्या ना कुठल्या बाजारात नेतात. पितृपक्षात खरेदी करू नये म्हणतात, पण तो नियम सोन्याला असावा, पायपुसण्याला नसावा, असं मी ठरवून टाकलंय. तुमच्या सुनेसाठी, विनितासाठी, केवड्याच्या पातीची विणलेली पिशवी घेतली. विघ्नेशला काथ्याचं पायपुसणं, कारण तुमचा मुलगा अजून बूट घालून स्वयंपाकघरापर्यंत येतो. एका दुकानदारानं करवंटीची पळी दाखवून हातकाम हातकाम म्हणून फार कौतुक चालवलं होतं. आमच्याकडे अशा पळ्या माळ्यावर पडल्यात म्हटल्यावर त्यानं निमूट अर्ध्या भावात दिली. मी हिंदी बोलते, तो मल्याळी बोलतो, भाव मात्र दोघांनाही बरोबर कळतो. नाचातले ते रागीट मुखवटेही होते. घेतले नाहीत. भिंतीवर सासूबाईंचा फोटो आहेच.

एक विचारायचं होतं. भावजी नारळाच्या रोपांचं शिक्षण घ्यायला इकडे आले होते, तेव्हा त्यांनी तुमच्यासाठी एक आरसा नेला होता ना, काचेचा नव्हे, धातूचा, मूठ असलेला? तो केवढा होता हो? चौकटीवर वेल होती की मोर? तुमच्याजवळ अजून आहे का? उगाच आठवण झाली म्हणून विचारते.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा, वाढला तर आणखी चांगलं.
तुमची,
आशा


मनवेलपाडा, विरार (पूर्व)
१७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. आशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पितृपक्षाचे नियमही तूच ठरवायला लागलीस, आता भटजींना कामच उरलं नाही. इथे चार दिवस लिफ्ट बंद आहे. मी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरले नाही, त्यामुळे माझं कुणाशी भांडण झालं नाही, आणि दिवस मोठा मोठा वाटतो.

काल ह्यांची तिथी झाली. प्रल्हादभावजी सकाळीच केळीची पानं, अळू आणि फुलं घेऊन आले होते. बायको गावाला गेल्यानं नवरा बारीक होतो म्हणतात, भावजींचं तसं काही दिसलं नाही. विनितानं सगळा स्वयंपाक एकटीनं केला आणि खीर अगदी आपल्या आगाशीच्या घरची जमली होती.

आरशाचं विचारलंस. कुणाला सांगितलं नव्हतं, पण काल तिथी झाली, म्हणून असेल, आज लिहावंसं वाटतंय. आहे माझ्याजवळ, ट्रंकेत, खणात गुंडाळलेला. तळहाताएवढा आहे, चौकटीला वेल आहे. तुला आठवत असेल, दरवर्षी पाडव्याला औक्षण झालं की हे तो आरसा माझ्यापुढे धरायचे आणि मी कुंकू लावायची. घरातली सगळी हसायची, सासूबाईसुद्धा. त्या शेवटच्या वर्षी मी सकाळी उठून खण सोडला, तर आरसा आंधळा. आदल्या वर्षी लख्ख होता, आणि आता माझं तोंडच दिसेना. मी घाबरले. ह्यांना सांगितलं, सापडत नाही, आणि परत गुंडाळून ठेवला. पुढे फाल्गुनात हे गेले.

आशा, त्या आरशानं मला सांगितलं होतं. चार महिने आधी सांगितलं होतं आणि मी ते लपवून ठेवलं. तेव्हाच धसका घेऊन ह्यांना डॉक्टरकडे नेलं असतं, तर कदाचित हे आज असते. पाडव्याला विघ्नेश-विनिताचं औक्षण असतं तेव्हा मी आतल्या खोलीत का बसते, असं विनिता विचारते. मी म्हणते, गुडघे दुखतात. खरं कारण हे आहे. जी बाई कळूनही गप्प बसली, तिची नजर त्या ताटावर नको.

तेव्हा माझ्यासाठी आरसा मात्र आणू नकोस. दुसरं काहीही आण.

मुलीला माझे आशीर्वाद. लोभ आहेच, तो काही लिफ्टसारखा बंद पडत नाही.
सुशीला


कोची
२३ सप्टेंबर २०२५

ती. स्व. सुशीलाताईंस,
आशाचा शि. सा. न. वि. वि.

ताई, आरसा आंधळा झाला नाही. मी केला.

तुमचं पत्र शनिवारी आलं. तेव्हापासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. काल घट बसले. देवीपुढे दिवा लावताना वाटलं, आज नाही लिहिलं तर गेली तशी पुढची बावीस वर्षंही जातील, आणि तेवढी आपल्या दोघींजवळ नाहीत.

त्या शेवटच्या वर्षीच्या वसुबारसेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तुमच्या आईंचं दुखणं म्हणून तुम्ही बोळिंजला माहेरी होता. मी मागच्या दारी दिवाळीची पितळेची भांडी घासत होते, समया, ताम्हण, घंगाळ, सगळा ढीग. माझा उरक तुम्हाला माहीत आहे. सगळं संपलं तरी हात थांबेनात. तेव्हा तुमच्या कपाटातला आरसा आठवला. चौकटीला हिरवा डाग पडला होता. म्हटलं, ताई येतील आणि झगझगीत आरसा बघून खूश होतील. आपल्या घरात पितळेला दोनच औषधं माहीत. चिंच लावली, चुलीतली राख घेतली आणि पुढून-मागून चांगला जोर लावून घासला. चौकट सोन्यासारखी निघाली. मग पाणी ओतलं, तर आरशात मीच दिसेना.

मग खोबरेल लावलं, तांदळाची पिठी चोळली, पदरानं पुसलं. जितकं पुसावं तितका तो मळकट होत गेला. शेवटी होता तसा खणात गुंडाळून ठेवला. सांगणार होते, ताई. भाऊबीज झाली की सांगू, मग तुळशीचं लग्न झालं की, मग संक्रांतीला तिळगूळ देताना. फाल्गुनात भावजी गेले. त्यानंतर तुमच्यापुढे उभं राहून एका आरशाचं काय बोलायचं, असं वाटलं. मला वाटत होतं, मी एक वस्तू बिघडवली, एवढंच. ती बिघडलेली वस्तू तुम्ही इतकी वर्षं उराशी धरून बसला असाल, हे माझ्या मनातही आलं नाही. पाडव्याला तुम्ही आत बसता, ते मला गर्दीमुळे वाटायचं. मी इतकी शहाणी की दुसरं कारण शोधायची गरजच पडली नाही.

तुम्हाला कुणीही काही सांगितलं नव्हतं, ताई. कसला इशारा नव्हता. चिंच होती, राख होती आणि माझा अतिशहाणा हात होता. भावजी दुपारी वाडीत पाणी लावून आले आणि जेवायच्या आधी गेले. त्यात लपवण्यासारखं तुमच्याजवळ काहीच नव्हतं.

आता उरलेलंही सांगून टाकते. तुमचं पत्र यायच्या आधीच आम्ही आरन्मुळ्याला जाऊन आलो. हे आरसे तिथे घडवतात. मी तसाच एक घेतला, वेलीचा, तळहाताएवढा. बेत असा होता की तुमच्याकडे आले की ट्रंकेतला हळूच बदलून टाकायचा आणि चमत्कार झाला म्हणून तुमच्याबरोबर मीही नवल करायचं. स्टेफीला मल्याळी येतं. तिच्याकरवी मी त्या कारागिराला विचारलं, याला चिंच आणि राख लावली तर काय होईल? त्यानं कपाळाला हात लावला आणि असं कुणी केलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, आमच्या शेजारच्या एका बाईनं.

नवा आरसा घ्यायचा की खाडीत टाकायचा, ते तुम्ही ठरवा. मी चौदा ऑक्टोबरला घरी येते. लोभ असावा असं लिहायचा या वेळी मला हक्क नाही, तरी मागते.
तुमची,
आशा


मनवेलपाडा, विरार
२९ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आशाकाकूंस,
सा. न. वि. वि.

मेसेजच करणार होते, पण तुमचा मोबाइल क्षितिजाच वाचून दाखवते, आणि हे फक्त तुम्हालाच विचारायचं आहे. तुमच्या पत्रात काय होतं? शनिवारी ते वाचल्यापासून आई जेवतात, माळ घालतात, दिवा लावतात, पण कुणाशी बोलत नाहीत. विघ्नेशना वाटलं कानाचं दुखणं वाढलं. मला नाही तसं वाटत. आज दुपारी त्यांनी ट्रंक उघडून एक पितळी वस्तू काढली. खिडकीशी बसून ती उन्हात इकडे-तिकडे फिरवत होत्या. मग चष्मा मागितला. मी काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तुझ्या काकूचं अक्षर. मला काही कळलं नाही.

त्यांना दुखेल असं काही असेल तर मला सांगा, म्हणजे मी सांभाळून घेईन. पिशवीचा फोटो क्षितिजानं पाठवला, फारच छान आहे.

तुमचा लोभ आमच्यावर असतोच, आईंवर जरा जास्त असू द्या.
विनिता


मनवेलपाडा, विरार (पूर्व)
६ ऑक्टोबर २०२५

आशा,

चि. सौ. आणि आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही. आधी बोलायचं ते बोलते.

राग आला. फार आला. आरशाचा नव्हे. बावीस वर्षं आपण एकमेकींच्या घरी जेवलो, माझ्या गुडघ्याला तू तेल लावलंस, तुझ्या क्षितिजाच्या आजारपणात मी रात्री जागले, आणि एवढी गोष्ट तुझ्या तोंडून निघाली नाही. त्या रागात मी तुझं पत्र फाडायला घेतलं होतं. मग वाटलं, आधी बघावं तरी.

आरसा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो चष्मा लावून पाहिला. त्यावर ओरखडे आहेत, आशा. गोल गोल, डावीकडून उजवीकडे, एकात एक. आगाशीच्या प्रत्येक ताम्हणावर तुझ्या हाताचे असेच ओरखडे आहेत, आणि ती ताम्हणं मी रोज बघत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे हातात आरसाच होता आणि मी त्याच्याकडे बघायला घाबरत होते. अपशकुन काही चिंच लावून घासत बसत नाही. हे मला दिसलं, आणि मग मी रडले. विनिता घाबरली. तिला सगळं सांगितलं. ती आधी रडली आणि मग त्या कारागिराचं ऐकून इतकी हसली की मलाही हसू आलं.

ह्यांना मी मारलं नाही. लिहून बघितलं, कसं दिसतं ते. बरं दिसतं.

नवा आरसा खाडीत टाकू नकोस. घेऊन ये. या पाडव्याला औक्षण झालं की विघ्नेशनं तो विनितापुढे धरायचा, असं मी त्याला सांगितलंय. तो लाजतो आहे, पण धरेल. मी बाहेर बसणार आहे, पाटाशेजारी, खुर्चीवर. जुना आरसा माझ्याजवळच राहील. ह्यांनी आणला आणि तू घासलास, दोघांचेही हात लागलेत त्याला.

राहता राहिली शिक्षा. वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी इथे यायचं. माझी सगळी पितळी भांडी मी काढून ठेवते, विनिताच्या माहेरचीसुद्धा. तू घासायची आणि मी शेजारी बसून बघायची. चिंच मी भिजत घालते. राख मात्र तुझ्या चुलीतली आण, फ्लॅटमध्ये ती कुठून मिळणार? आणि नवा आरसा त्या दिवशी प्रल्हादभावजींच्या हातात राहील, तुझ्या हातात नाही.

आता वर राहिलेलं लिहिते.

चि. सौ. आशास अनेक उत्तम आशीर्वाद.
सुशीला