ज्वारीच्या कोठीत पुरलेला लॅपटॉप

अण्णा, तुमच्या थोरल्या चिरंजीवांनी परवा माझा लॅपटॉप ज्वारीच्या कोठीत पुरला. तुम्हाला कळवलंच पाहिजे, कारण अक्कल तुमचीच आहे. आईला बघायला म्हणून दादा आला, माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि वळताना कोपरानं तो लॅपटॉपवर उपडा केला. मी कॉलेजातून येईपर्यंत थांबायचं, निदान चार्जर तरी काढायचा? छे! वरवर फडकं फिरवलं, चालू होतो का बघायला बटण दाबलं, नाही झाला म्हणून पुन्हा पुन्हा दाबत बसला. ओल्या मशिनीत वीज सोडू नये हे माझ्या अकरावीच्या पोरांनाही कळतं.

"ज्वारीत ठिवलाय की," मी आल्यावर तो ऐटीत म्हणाला. "समदं पाणी वडून घेती. तू उगं घाबरतीस."

"दादा, त्या ज्वारीला बोरिक पावडर चोळलीय."

"मग बरंच हाय की. किडं लागनार न्हाईत."

मोडनिंबच्या रानातून आलेली वर्षाची ज्वारी आपण पावडर चोळूनच भरतो, तुम्हाला ठाऊक आहे. ओल्या लॅपटॉपला ती पावडर चिकटून फटीफटीत तिचा लगदा झाला होता. लोक भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात तोही मूर्खपणाच, पण त्यात आणखी भर घालायला आपलंच घर लागतं.

मला तो मिक्सरचा दिवस आठवला. स्वयंपाकघरात आई चटणी करतेय, कळशी कलंडून मिक्सर भिजलाय. मी म्हणते, अण्णा, वाळू द्या. तुम्ही मिलमधले जॉबर, सगळे माग तुमच्या धाकात. "गप बस. मशिनीतलं तू मला शिकवतीस व्हय?" म्हणत तुम्ही बटण फिरवता. निळा जाळ, जळका वास, संपलं. आणि संध्याकाळी पाहुण्यांना सांगता, बायकांच्या हातात मशिन टिकत न्हाय. आई चहाचे कप पुढं करत ऐकून घेते. तुमच्यासमोर तिनं आयुष्यभर तेवढंच केलं. मोठ्यानं बोललं की खरं ठरतं, ही तुमची एकुलती एक विद्या. ती तुम्ही अख्खी दादाला देऊन गेलात.

तुम्ही गेल्यावर आई बोलायला लागली, अण्णा. दळण निवडताना, भाकरी थापताना, काय वाटेल ते. मी ते फोनवर टिपून लॅपटॉपमध्ये ठेवत गेले. मग अर्धांगवायूनं तिची वाचा गेली. तेव्हापासून तिचा आवाज त्या लॅपटॉपमध्येच होता, आणखी कुठंही नाही. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईनं दुसरी प्रत ठेवली नव्हती. दिव्याखाली अंधार, मान्य.

चादर अंथरून मी स्क्रू काढायला बसले. आधी बॅटरी सोडवली, मग आतली डिस्क. मऊ ब्रशनं पावडरीचा लगदा काढत होते आणि मागून तुमचा वारस सुचवतोय, "पत्र्यावर उनात ठिवू का?" सोलापूरच्या उन्हात! मी त्याला आईजवळ बसायला पिटाळलं. बाकी लॅपटॉप गेला तो गेलाच. डिस्क पंख्याखाली नीट वाळवून आज कॉलेजच्या लॅपटॉपला जोडली आणि आईच्या सगळ्या फाइल दिसल्या. मला रडूच आलं. दादा म्हणाला, "बग, ज्वारीनंच वाचिवलं." आता तो हे साऱ्या भावकीत सांगत फिरेल आणि लोक माना डोलावतील.

दुपारी आईच्या खाटेशी बसून हाताला आली ती फाइल लावली. त्यात ती तुमची नक्कल करतेय. तुमचं पाळीवरून येणं, चपला भिरकावणं, घसा खाकरणं, आणि मग, "आगं ए, जिती हायस का? च्या टाक की!" हुबेहूब. आई अर्ध्या चेहऱ्यानं हसली, बरा हात हलवून तिनं पुन्हा लाव अशी खूण केली. मी लावली. तिला झोप लागली तरी तेवढाच तुकडा मी परत परत लावत राहिले. आईचा आवाज ऐकतेय, असं दादाला सांगितलं. हे पत्र कुठं जायचं नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगते. तुमचा आवाज मी पार विसरले होते, अण्णा.