न्हाणीतला पंखा आणि माझं सोवळं

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके १८६८. सकाळी.
मी सांगते, पद्मा लिहिते. सूनबाईंचं अक्षर गोल आहे. भाकरी अजून व्हायची आहे. हेही लिही म्हटलं.
आज न्हाणीत विजेचा पंखा बसला. भिंतीला भोक पाडून. चुलीचा धूर बाहेर ओढतो म्हणे. विनोदिनी साताऱ्याहून बाळंतपणाला यायची आहे. मागच्या खेपेला धुरानं तिला न्हाणीतच भोवळ आली, मांडीवरची तान्ही पोर सुटता सुटता राहिली. तेव्हापासून मी मुलाच्या, चिंतामणच्या मागे लागले होते. या खेपेला लेकीला धूर लागू द्यायचा नाही. ठरलं.

त्याच दिवशी, दुपारी.
वायरमन नानासो मूळचा वडूजचा. पलटणीत विजेचं काम शिकून आला. सांगत होता, आवं आज्जी, पंखा लोखंडाचा हाय, म्हणून एक तार जमिनीत पुरलीया. तितं रोज तांब्याभर पानी घाला. पर बटणाला वला हात कवाच लावू नगा, लय वंगाळ झटका बसतोय. कोरडं लाकूड चालंल. सगळं ध्यानात ठेवलं. वीज काही अवघड नाही. चिंतामण उगीच तोंड गंभीर करून बोलतो.

शुद्ध चतुर्थी.
अडचण. बटण न्हाणीच्या आत, पितळी टोपीचं. घरातले सगळे पारोसे हात त्यालाच. मी आंघोळ करून सोवळ्यात, ओलेती. त्याला शिवणार कशी? न शिवावं तर धूर.
तोडगा निघाला. बटण धुऊन घ्यायचं. जमिनीतल्या तारेला तांब्याभर पाणी चालतं, मग बटणाला का नाही? वीज एकच ना? पद्मा म्हणाली, आई, नको. सुनांना सगळंच नको असतं.

शुद्ध पंचमी.
धुतलं. पितळ काळवंडलं होतं म्हणून चिंच लावून घासलंही.
खांद्यापर्यंत मुंग्या. तांब्या कुठे उडाला, अजून सापडलेला नाही.
चिंचेचा दोष. संकल्प: उद्यापासून चिंच बंद.

शुद्ध षष्ठी. संध्याकाळी.
हातच लावायचा नाही. स्वयंपाकघरातली रवी सोवळ्याची, शिवाय लाकडाची. तिनं बटण दाबलं. नानासो ‘कोरडं लाकूड’ म्हणाला होता. लाकूड तेवढं लक्षात राहिलं. रवी ताकातली.
चिंतामण कचेरीतून आला, पद्मानं दारातच सांगितलं, तो ओरडतच आत. पंखा काढून टाकतो म्हणाला, बहीण सुखरूप न्हावी म्हणून आई घालवायची का? मी म्हटलं, थोडे दिवस दे. वीज माझ्या अंगवळणी पडते आहे. तो तरातरा बाहेर गेला. पटलं असावं.

शुद्ध सप्तमी.
हात दुखतो. आज काहीही करायचं नाही, हा संकल्प. पाळला.

शुद्ध नवमी.
धुतलं, दाबलं. काही नाही! मुंगीसुद्धा नाही. सोवळ्यातल्या अंगाला वीज शिवत नाही, हे मला आधीपासून वाटतच होतं. पंखा जरा सावकाश फिरतो. थंडीचे दिवस, त्याचंही अंग आखडलं असेल.

शुद्ध एकादशी.
उपास. झटका नाही. पंखा कधी सुलटा फिरतो, कधी उलटा. उलटा फिरला की धूर आत येतो. नवा आहे, शिकेल. पद्मा लिहिताना खाली मान घालून हसते आहे. सर्दी झाली म्हणते.

वद्य द्वितीया.
विनोदिनी आली. पाय सुजलेत पोरीचे. तिला न्हाणीत नेऊन सगळं दाखवलं. बटण धुतलं, दाबलं. वारा पडला होता. पंखा हलेना. पुन्हा दाबलं. हलेना.
चिंतामणनं सांगितलं, षष्ठीलाच त्यानं फ्यूज काढून ठेवला होता. इतके दिवस पंखा वाऱ्यानं फिरत होता. आणि ही सर्दीवाली सगळं जाणून.
विनोदिनी हसली नाही. म्हणाली, आई, तू अशी बटण धुणार असशील तर मी साताऱ्यालाच बाळंत होते. तिथं धूर आहे, पण माझ्यापायी कुणी मरणार तरी नाही. भरल्या दिवसांची, ट्रंक उघडली नव्हती ती तशीच उचलायला निघाली. मी तिच्या ट्रंकेवर बसले. बराच वेळ बसले. थकले.

वद्य चतुर्थी.
नानासोनं बटण न्हाणीबाहेर, बोळात नेलं. फ्यूज घातला. विनोदिनीनं ट्रंक उघडली. बटण बाहेर घ्यायचं मी सुचवणारच होते.
संकल्प: बटण मीच दाबणार, दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. हात कोरडे करून दाबणार. यात काय अवघड आहे?

पौष शुद्ध पंचमी.
विनोदिनीला मुलगा. आज दहाव्याचं न्हाणं. धोंडुबाई न्हाऊ घालायला आली. चूल पेटली. बटणाशी मी, सोवळ्यात. सगळ्यांना सांगितलं, मी वाळले की दाबते.
पौषातली थंडी. मी काही वाळेना. हात पुसावे तर पदर ओला. पुन्हा पुसले, पुन्हा ओले. पद्मा म्हणाली, आई, मी दाबू? म्हटलं, खबरदार, तू पारोशी.
आत धूर कोंडला. विनोदिनी खोकायला लागली. बाळ रडत होतं ते रडायचं थांबलं, आणि तेही खोकलं.
एवढासा खोकला. मला तो सोसेना.
पद्माला आत्ताच खबरदार म्हटलेलं, म्हणून धोंडुबाईला हाक मारली, म्हटलं, ये, तूच दाब. ती बाहेर आली, कोरड्या फडक्याला हात खसाखसा पुसले, दाबलं. पंखा घरघरला. धूर भोकाकडं वळला आणि गेला.
धोंडुबाई म्हणाली, आवं आज्जी, येवढंच व्हय?
मी म्हटलं, एवढंच.