बारा फळ्यांचा ओंडका

१२ नोव्हेंबर

चौथा नट आवळला तेव्हा चौकट साखळी-करवतीच्या बारला, म्हणजे लांब पात्याला, घट्ट बसली. हलवून पाहिली, हलली नाही. शेतमालक विठ्ठलराव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उकिडवे बसून पाहत होते. त्यांच्या घरच्या बसंतीबाईंनी चहा आणला आणि म्हणाल्या, एवढीशी मशीन, हिच्यावर तर मी पोलकं शिवीन.

पहिलंच काम आहे. ओंडका सागाचा. वादळात पडला तिथंच, शेताच्या मधोमध. ट्रॅक्टरनं हलत नाही, म्हणून लाकूड चिरायची माझी गिरणीच त्याच्याकडं आली. परवानगीचे कागद विठ्ठलरावांनी आधीच दाखवले. व्यास तीस इंच. वरचं सालपट तीन, खालचं तीन, मधे काप धरून दोन-दोन इंचाच्या बारा फळ्या. टोकावर खडूनं बारा रेघा मारल्या, आकडे घातले. ॲल्युमिनियमची शिडी ओंडक्यावर स्क्रूनं पक्की केली. पहिला काप तिच्यावरून सरकतो, पुढचे सगळे त्या सपाटीवरून. पहिला सरळ तर सगळे सरळ.

या घरची एक रीत आहे. पहिला काप ज्याचा, शेवटचाही त्याचाच. तोवर त्यानं धुरा ओलांडायचा नाही. जेवण इथं, झोपणं कोठ्यात, गुरांशेजारी. मी म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. विठ्ठलराव म्हणाले, "मंग काय! जावाईच समजा आमचे."

वीस तारखेला बायकोचं, गुंजनचं, सिझेरियन आहे. एकोणीसला आर्णीच्या दवाखान्यात पोचायचं ठरलंय.

१३ नोव्हेंबर

सहा फळ्या. दर दोन कापांनंतर साखळीला कानस. प्रत्येक दाताला तीन हात, एकाच दिशेनं. लांबीत चिरताना दात सपाट लागतो, नाहीतर भुसा पिठासारखा पडतो आणि इंजिन तापतं. आज भुसा लांब, कुरळा. मागं मागं पाचर ठोकत गेलो. पाचर नसेल तर चीर मिटते आणि बार आत धरला जातो.

गेल्या साली राजूरचा इंद्रजित नावाचा मुलगा आला होता, असंच यंत्र घेऊन. कुठलं झाड होतं, असं मी विचारलं. हेच, असं विठ्ठलराव म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

१४ नोव्हेंबर

अकरा झाल्या. पेट्रोल संपलं. विठ्ठलराव मुकुटबनहून आणून देतो म्हणाले. एक रेघ उरली. सकाळी अर्ध्या तासाचं काम. फळ्यांची थप्पी लावली, मधे बारीक पट्ट्या घातल्या, म्हणजे वारा लागेल आणि वाकणार नाहीत. गुंजनला फोन केला. उद्या जेवायला घरी, असं सांगितलं.

१५ नोव्हेंबर

ओंडका पुन्हा अखंड आहे. गोल, सालीसकट. व्यास तीस इंच.

आधी वाटलं, दुसरा आणून ठेवला. पण चाकाचा माग नाही. खालचं गवत तसंच दबलेलं. टोकावर खडूच्या बारा रेघा आहेत. आकडे माझ्या अक्षरात. माझा चार उजवीकडं कलतो. तोही कललाय.

थप्पीत अकरा फळ्या आहेतच.

विठ्ठलरावांना ओढत आणलं. त्यांनी थप्पीतल्या फळ्या बोटानं मोजल्या. मग म्हणाले, "दरसाल देते ते. तुमी कायले घाबरता, भाऊ? बारावी काढा अन् मोकळे व्हा."

शिडी पुन्हा बसवली. सालपट काढलं. पहिली फळी निम्मी झाली आणि चीर मिटली. पाचर जागेवर असताना मिटली. बार आत अडकला आहे.

१६ नोव्हेंबर

यंत्र सोडून निघालो. कपाशीच्या ओळींतून धुऱ्यापर्यंत आलो. एक पाय उचलला आणि मागं इंजिन सुरू झालं.

वळून पाहिलं. ओंडक्यावर कोणी वाकलं होतं. हिरवा शर्ट. माझा हिरवा शर्ट कोठ्यात दोरीवर वाळत होता.

धावत परत गेलो. कोणी नाही. बार सुटा. इंजिन संथ चालू. शेजारी फळी ठेवलेली, माझ्या फळ्यांपेक्षा गुळगुळीत. ती बारावी होती. ओंडका मात्र सपाटही नव्हता. पुन्हा गोल.

रामीबाई वेचणीला येते. तिची बहीण राजूरला असते. पाण्याच्या निमित्तानं जवळ आली आणि खाली मान घालून बोलली. इंद्रजित गेल्ता न घरी. चांगला जेवते, कामाले जाते. पण त्याची माय रोज शेजारणीले म्हणते, हा आमचा नोहे. काहून म्हणते, तिलेच सांगता येत नाही.

मी विचारलं, मग तिचा खरा मुलगा कुठं आहे? रामीबाईनं ओंडक्याकडं पाहिलं नाही. इतकं ठरवून पाहिलं नाही की मला कळलं.

१७ नोव्हेंबर

मोटरसायकल धुऱ्यावर बंद पडते. ढकलली. चाक पलीकडं गेलं. मी नाही. पाय टाकतो तो पलीकडं पडतो, आणि मी ओंडक्यापाशी उभा असतो. सात वेळा. आठव्यांदा नुसता बसलो.

गुंजनला फोन. ती म्हणाली, आता तर बोललास. परवा सकाळी निघतोस म्हणालास. तो मी नव्हतो, असं ओरडलो. ती म्हणाली, अरे मशीन बंद कर ना, काही ऐकू येत नाही.

मशीन बंद होतं.

१८ नोव्हेंबर

परवा ओंडक्यावर वाकलेला तो समोर बसलाय, माझाच चेहरा घेऊन. भर उन्हात. साखळीला कानस लावतोय — तीन हात, एका दिशेनं.

बसंतीबाई भाकर घेऊन आल्या. एकच ताट. त्याच्यापुढं ठेवलं. आज चेहरा कसा टवटवीत दिसते, म्हणाल्या. मी ताटाला हात लावला. त्यांनी माशी हाकलावी तसा पदर हलवला.

पायाला मुंग्या आहेत. गुडघ्याच्या वर —

कातडी सालीसारखी खरखरीत. ओढली तर सुटते, पण दुखत नाही. हे जास्त —

त्याला म्हटलं, वीस तारखेला गुंजनला भूल देतील. तिला भुलीची भीती आहे. तेव्हा हात धर. तो पहिल्यांदा वर पाहून हसला. त्याला माहीत होतं.

हे मी का सांगितलं. का —

१९ नोव्हेंबर, सकाळ

पावणेआठला तो निघाला. चौकट कॅरिअरला बांधली, हिरवा शर्ट घातला. विठ्ठलरावांनी तुरीची पिशवी दिली. मुलगा की मुलगी ते कळवा, असं बसंतीबाई म्हणाल्या. तो हो म्हणाला. आवाज बरोबर होता. गाडी धुऱ्यावर थांबली नाही.

साडेआठला बायका आल्या. न्याहारीला ओंडक्यावर बसल्या. मी सालीखालून हाक मारली. रामीबाईचा घास हातातच राहिला. तिनं तळहात सालीवर ठेवला, माझ्या छातीच्या बरोबर वर, आणि मग दुसरीला म्हणाली, सरक माय, अटीची जागा जरा गरम —